हिरव्या बुडाची सुई

यंत्र ओरडलं तेव्हा माझ्या डोक्यात आईच्या चष्म्याची तुटलेली दांडी होती. संध्याकाळी जाताना ती चिकटवून घ्यायची की सरळ नवा चष्माच करायचा, असा माझा माझ्याशीच वाद चालला होता आणि हात आपलं काम करत होते. कोट उचलायचा, बटणं नीट लागलीत ना बघायचं, पट्ट्यावर पालथा ठेवायचा. पट्टा सरकतो, कोट त्या बुटक्या बोगद्यात शिरतो आणि पलीकडून बाहेर येतो. कपड्यात कुठे धातूचा कण जरी राहिला असला तरी यंत्राला कळतं, मग ते ओरडतं आणि पट्टा जागच्या जागी थांबतो. आमच्याकडे असं क्वचित होतं, कारण आमच्या कारखान्यात सुईचा कायदा कडक आहे. शिवताना सुई मोडली तर सगळे तुकडे सुपरवायझरच्या टेबलावर जुळवून दाखवायचे, तेव्हा कुठे नवी सुई मिळते. टोकाचा केसाएवढा तुकडा कमी पडला तरी सगळी मशीनं बंद. मग झाडून सगळे, कटिंग मास्तरांसकट, लोहचुंबक घेऊन गुडघ्यांवर बसतात आणि फरशी पिंजून काढतात. नव्या माणसाला पहिल्यांदा हसू येतं. पण कपडे लहान मुलांचे असतात; कुणाच्या लेकराच्या मानेत टोचली तर काय, असं कुणीतरी विचारतं आणि नवा माणूसही निमूट गुडघे टेकतो.

कोट निळा होता, अस्वलाच्या तोंडाची बटणं असलेला. मी शिवणी चाचपल्या, अस्तर चाचपलं, कॉलर वाकवून पाहिली. मग उजवा खिसा उलटा केला आणि ती पट्ट्यावर पडली. शिवणाची नव्हती. नखाएवढं प्लास्टिकचं बूड आणि त्यातून निघालेली, दिसेल न दिसेल अशी आखूड सुई. या कारखान्यात ही सुई ओळखणारं माणूस एकच आहे, असं मी त्या क्षणापर्यंत धरून चालले होते, आणि ते माणूस मी. माझा हात आपोआप खुर्चीला टांगलेल्या पिशवीकडे गेला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. पिशवीत इन्सुलिनचं पेन असतं, आणि एक दोऱ्याचं रिकामं रीळ. वापरलेली सुई त्या रिळाच्या पोकळीत टाकायची, वर चिंधीचा बोळा दाबायचा आणि घरी न्यायचं, ही माझी वर्षानुवर्षांची रीत. बोळा निसटला की काय? आणि निसटला तरी सुई कोटाच्या खिशात कशी चढेल? मग मी वाकून पाहिलं. बूड हिरवं होतं. माझ्या सुयांचं बूड जांभळं असतं. मी दुसऱ्या कुठल्या कधी घेतलेल्या नाहीत. आपली नाही, असं मनात आलं आणि अंगभर ऊब पसरली. हात उचलून ती मुठीत घ्यावी, खिशात टाकावी, यंत्राला वेड लागलंय म्हणावं, एवढा वेळ माझ्याकडे होता. पण मी त्या उबेतच बसून राहिले, आणि शेजारी खोके भरणारी पॅकिंगवाली वाकून म्हणाली, "अगंबाई, इंजेक्शन!"

तिच्या आवाजाला दार-भिंती लागत नाहीत. बघता बघता मशीनं थांबली आणि माझ्या टेबलाभोवती कडं झालं. सुपरवायझर आला. तो माझ्याहून पुष्कळ लहान आहे, मला ताई म्हणतो, आणि काही बिनसलं की कानाची पाळी ओढतो. त्याने चिमट्याने सुई उचलली आणि उजेडात धरली. "कुणाच्या खिशात होती?" "कुणाच्या म्हणजे? कोटाच्या," मी म्हटलं. "नशेची आहे," पॅकिंगवाली ठामपणे म्हणाली. "आमच्या इमारतीत होता एक असला. जिन्यात सापडायच्या. दिसायला इतका सभ्य, विचारू नका." कुणी कुणाचं नाव घेतलं नाही, पण माना वळायच्या त्या दिशेला वळल्याच. इस्त्रीवाला वाफेच्या टेबलाशी उभा होता. तो नवा आहे, कोणाशी बोलत नाही, काडीसारखा बारीक, आणि सारखा पाणी पितो. दिवसभर वाफेत उभं राहणारा माणूस पाणी पिणार नाही तर काय करणार, पण असल्या वेळी असला विचार कोण करतं? 'नशेची नाही, इन्सुलिनची आहे,' एवढंच म्हणायचं होतं. शब्द जिभेपर्यंत आले आणि आल्या वाटेने परत गेले. कारण पुढचा प्रश्न ठरलेला होता: तुम्हाला कसं माहीत?

हे शब्द परतवायची सवय मला आईने लावली. पाचवीत होते मी. तहान लागायची, इतकी की शाळेतल्या नळाला लावलेलं तोंड सुटायचंच नाही. फ्रॉक ढगळ होत गेले. मग एकदा डोळे उघडले तेव्हा पांढरं छत होतं, आणि आई एका संत्र्याला इंजेक्शन देत होती. डॉक्टरांनी तिला सराव करायला सांगितलं होतं. ती त्या संत्र्याला टोचत होती, पुन्हा भरत होती, पुन्हा टोचत होती. पुढे माझ्या दंडावर तिचा हात कधी थरथरला नाही. पण घरी आल्यावर तिने मला आणि दादाला समोर बसवलं आणि सांगितलं, "हे आपल्या चार भिंतींत. झाकली मूठ सव्वा लाखाची." दादाला ती म्हण फार आवडली, तो येताजाता मूठ वळवून मला दाखवायचा. तरी शाळेत कळलंच. बाईंनी काळजीपोटीच वर्गात सांगितलं, हिला जपा, हिला एक आजार आहे. दुसऱ्या दिवशी माझ्या बाकावरची मुलगी पुढच्या बाकावर गेली होती. तिच्या आईने सांगितलं होतं म्हणे, लागलं तर काय घ्या. मला राग त्या मुलीचा आला नाही, बाईंचाही नाही. आपणच फुटलो, असं वाटलं. आईने मग शाळाच बदलली, आणि नव्या शाळेत माझं पोट दुखायचं, डोकं दुखायचं, चक्कर यायची, काय वाटेल ते व्हायचं, पण तेवढं एक कधी व्हायचं नाही.

"सगळ्यांच्या पिशव्या बघायला लागतील," सुपरवायझर म्हणाला. आवाज चढवला नव्हता त्याने. "आत्ता सगळ्यांनी आपापल्या पिशव्या मास्तरांच्या टेबलावर ठेवा. जेवणं उरकली की बघू. मला कुणाला बदनाम करायचं नाही, पण हा कोट बाहेर गेला असता तर? एखाद्या पोराने खिशात हात घातला असता तर?" मी पिशवी हळूच मांडीखाली सरकवत होते, तेवढ्यात तो माझ्याकडे वळला. "ताई, तुमची राहू द्या. तुमची कसली बघायची? उलट तपासायचं काम तुम्हीच करा. बायकांच्या पिशव्यांत मी हात घालणं बरं दिसत नाही. आणि घारीच्या नजरेतून काही सुटत नाही." सगळे हसले. मला इथे घार म्हणतात, तोंडावर घारताई. टाका सुटलेला असो, दोरा लोंबत असो, बाहीच्या लांबीत सुताचा फरक असो, मला तो दिसतो, आणि या नावाचा मला छुपा अभिमान आहे. कुंपणालाच शेत राखायला दिलं होतं. मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

पट्टा पुन्हा सुरू झाला. कोट उचलायचा, बटणं बघायची, पालथा ठेवायचा. पण आता डोळे कोटावर राहीनात. इथे आणखी कुणीतरी आहे, हे मला आत्ता कुठे नीट कळायला लागलं होतं. इतकी वर्षं या एका छपराखाली दोघं जण एकच गोष्ट लपवत होती, आणि दोघांनाही वाटत होतं की आपण एकटेच. ती सुई खिशात कशी गेली असेल ते मला न सांगता दिसत होतं. तयार कोटांच्या खोलीत दांड्यांना ओळीने कोट लटकलेले असतात, मधून जेमतेम एक माणूस उभा राहील एवढी फट. कुणीतरी तिथे शिरलं असेल. सदरा वर केला असेल, टोचली असेल, सुई फिरवून काढली असेल, आणि तेवढ्यात दार वाजलं असेल. घाबरलेला हात खिसा शोधतो. आणि तिथे तर खिसेच खिसे. नंतर काढू म्हटलं असेल. नंतर कोट हलवले गेले असतील. मला त्या माणसाचा राग आला, चांगलाच आला, कारण माझ्या मनासमोरून ते पोर जाईना, नवा कोट घालून मजेत खिशात हात घालणारं. आणि रागाच्या मागोमाग असंही आलं की आपला हातही हेच करणार होता. मी स्वच्छतागृहात जाते, एवढाच काय तो फरक. दाराला कडी आहे म्हणून माझ्या सुया रिळात जातात.

मग मी माणसं बघायला लागले, घार बघते तशी. काजवाली दुपारी जेवणाआधी त्या कोटांच्या खोलीत जाते. फोनवर बोलायचं असतं म्हणते. कटिंग मास्तर चहा बिनसाखरेचा पितात. दात दुखतात म्हणतात, आणि दात तर त्यांनी मागेच बसवून घेतलेत. इस्त्रीवाल्याचं पाणी. हिशेबनीस बाई वाढदिवसाच्या केकचा तुकडा रुमालात गुंडाळून घरी नेतात, नातवासाठी. या सगळ्या गोष्टी मला आधीपासून दिसत होत्या, पण त्यांचा अर्थ लावायची गरज पडली नव्हती. आता प्रत्येकाच्या अंगावर मला हिरवं बूड दिसायला लागलं. मला किळस आली, कुणाची नाही, माझ्या नजरेची. अशीच नजर चुकवत मी जगले. मला बघायला आलेला तो एक जण आठवला, मान खाली घालून चहा ढवळणारा, मवाळ माणूस. मला तो आवडला होता. म्हणून मीच सांगितलं त्याला, दोघंच होतो तेव्हा. तो म्हणाला, "मला चालेल, पण घरी विचारतो." घरून उत्तर मावशीमार्फत आलं, की मुलगी लाखात एक आहे, पण आजारी माणूस जाणूनबुजून घरात कोण आणतं. आई माझ्यावर तेव्हा ओरडली नाही. "सांगितलंस कशाला?" एवढंच म्हणाली आणि भांडी घासायला बसली. भांडी आधीच घासलेली होती.

मग नोकरी. एका मोठ्या कचेरीत परीक्षा पास झाले, मुलाखत झाली, आणि वैद्यकीय तपासणीत नापास. मी टंकलेखन करणार होते, डोंगर चढणार नव्हते. तेव्हा शिवणकामाकडे वळले, आणि इथे आल्यावर मला पहिल्यांदा बरं वाटलं. साखर बघायला रोज बोट टोचावं लागतं, माझ्या बोटांची टोकं बारीक बारीक टिपक्यांनी भरलेली असतात. इथे सगळ्यांचीच तशी. लपायचं असेल तर सुयांच्या घरात लपावं. फक्त एकदा फजिती झाली. माल निघायची घाई होती, जेवण लांबलं, आणि माझी साखर उतरली. मला आठवतं ते एवढंच, की कात्री फार विनोदी वाटत होती. मी घामाने निथळत होते आणि हसत होते, आणि जुन्या सुपरवायझरला अरे-तुरे करत होते. कुणीतरी रिक्षात घालून घरी पोचवलं. दुसऱ्या दिवशी आले तर सगळे माझ्याशी फार जपून बोलत होते. घार पिते, अशी बातमी पसरली होती. मी ती खोडून काढली नाही. दारू परवडली, पण ते नको! पॅकिंगवालीने तर मला कोपऱ्यात नेऊन, डोळ्यांत पाणी आणून, दारू सोडवणाऱ्या एका मंडळाचा फोन नंबर दिला. तो चिठोरा अजून माझ्या पाकिटात आहे. फेकवला नाही, कारण माझ्या आजाराला इथे मिळालेली तेवढी एकच सहानुभूती होती, भलत्या पत्त्यावर का होईना.

आणि गंमत म्हणजे साठी उलटल्यावर आईलाही साखर निघाली. काय सांगू, घरात मोठा पाहुणा आल्यासारखं झालं. इमारतीतल्या सगळ्या जणी येऊन भेटून गेल्या. आता संध्याकाळी खालच्या बाकावर आई आणि तिच्या मैत्रिणी आपापले आकडे सांगत बसतात, उपाशीपोटी एवढी आणि जेवल्यावर तेवढी, पोरांचे मार्क सांगावेत तसे. एखादीची जास्त निघाली तर बाकीच्यांचा चेहरा जरासा पडतोच. मी एकदा म्हटलं, "आई, तुझी चारचौघांत चालते, मग माझी का नाही?" ती चष्मा पुसत होती. म्हणाली, "माझी वयाची आहे गं. तुझी म्हटलं की लोक माझ्याकडे बघायचे. आईने काय खाऊ घातलं, आईच्या रक्तातच काही असेल, पोटात असताना हिने काय केलं असेल. तुझ्या आत्याने तोंडावर विचारलं होतं मला." इतक्या वर्षांत हे तिने कधी सांगितलं नव्हतं. माझी म्हणून झाकलेली मूठ खरं तर तिची होती. मला तिचा इतका कळवळा आला की मी उठून उगीचच खिडकी बंद केली. त्यानंतर आम्ही त्यावर बोललो नाही; चष्मा मात्र ती तेव्हापासून फार वेळा पुसते, दांडी त्यातच तुटली असेल.

जेवणाची घंटा झाली. आमचं एकच लांब टेबल आहे, दोन्ही बाजूंना बाकं. पिशव्या पलीकडे मास्तरांच्या टेबलावर ओळीने बसलेल्या, शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारख्या. डबे तेवढे सुपरवायझरने काढून घेऊ दिले होते. त्याने माझ्यासाठी हातमोजे आणून ठेवले आणि म्हणाला, "आधी जेवून घ्या ताई, घाई नाही." मी उठले, रोजच्यासारखी पिशवी खांद्याला लावली आणि स्वच्छतागृहाकडे निघाले. दाराच्या कडीला हात लागला आणि तिथे मी थांबले. माझी पिशवी माझ्या खांद्याला होती. त्या माणसाची त्या टेबलावर होती, पेन तिच्या आत. त्याला आत्ता टोचता येणार नव्हतं. न टोचता जेवला तर साखर चढणार, जेवलाच नाही तर सकाळच्या औषधाने उतरणार, आणि चार लोकांत तो घामाने निथळून हसायला लागणार. हे मला जितकं कळत होतं तितकं या छपराखाली फक्त त्यालाच कळत असेल. आणि थोड्या वेळाने मी हातमोजे घालून त्याची पिशवी उघडणार. आता मागे वळून टेबलाकडे नुसतं नीट पाहिलं असतं, कोण जेवत नाही एवढं, तरी मला कळलं असतं. मी कडी सोडली. परत टेबलाशी येईपर्यंत जमिनीकडे बघत चालले.

मी माझ्या जागेवर बसले आणि पेन काढून डब्याशेजारी ठेवलं. मला वाटलं होतं हात थरथरतील. नाही थरथरले; आईचे हात आहेत ते. सुईचं टोपण काढलं, सुई पेनावर फिरवून बसवली, आकडा लावला. कुडत्याची कड जरा वर केली, पोटाशी टेकवली आणि दाबलं. दाबल्यावर मनात दहापर्यंत मोजायचं असतं, नाहीतर थेंब बाहेर राहतो. रोज ते दहा आकडे भुर्रकन जातात. आज टेबलावर कुणी घास चावत नव्हतं, आणि मला पाच आणि सहाच्या मध्ये पुष्कळ जागा आहे असं वाटलं. मग मी सुई काढून सगळ्यांना दिसेल अशी धरली. "ही माझी," मी म्हटलं. "बूड जांभळं असतं माझ्या सुयांचं. मधुमेह आहे मला, पाचवीत असल्यापासून. हे इन्सुलिन. सकाळची हिरवी माझी नाही, पण तीही याचीच आहे. नशेची नाही."

सुपरवायझर उभाच होता. कान लाल झाला होता त्याचा, ओढून ओढून. "ताई, तुम्ही? इतकी वर्षं?" "इतकी वर्षं. पिशव्या मी तपासणार नाही. कुणीच तपासू नयेत. देऊन टाका ज्याच्या त्याला, जेवायचंय लोकांना." "पण ताई, कोटात होती ती. पोराच्या हाताला..." "टोचली असती. तुमचं बरोबर आहे, शंभर टक्के. म्हणूनच बोलतेय. शिवणाची सुई मोडली तर टाकायला तुमच्या टेबलावर डबी आहे. ही टाकायला जागा दाखवा मला." तो बघत राहिला. भिंतीकडे, टेबलाखाली, खरोखरच जागा शोधत असल्यासारखा. चांगला मुलगा आहे तो. मग म्हणाला, "नाही खरी." आणि तोच जाऊन मास्तरांच्या टेबलावरून पिशव्या उचलायला लागला, दोन दोन, तीन तीन.

मग तोंडं सुटली. "म्हणजे तेव्हा, ते कात्रीच्या वेळी, ती दारू नव्हती?" पॅकिंगवाली म्हणाली. "नव्हती." "अगं मेले, आणि मी तुला त्या मंडळाचा नंबर दिला!" "जपून ठेवलाय. तुला लागला तर सांग." हशा झाला. मीही हसले, आणि हसताना जाणवलं की जबडा दुखतोय, केव्हापासून आवळलेला होता कोण जाणे. अर्थात एवढ्यावर भागत नाही. एकीने विचारलं, लहानपणी गोड फार खात होतीस का? दुसरीने सांगितलं की तिच्या चुलत सासऱ्यांचा पाय याच्यातच कापला. तिसरीला एका झाडाच्या पाल्याचा रस माहीत होता, त्याने महिन्यात आजार नाहीसा होतो म्हणे. मी म्हटलं, "रस तू पी, मी इन्सुलिन घेते, महिन्याने भेटू." हेच ऐकायला नको म्हणून जन्मभर गप्प बसले होते. आणि ऐकलं तर एवढंच होतं: थोडं अज्ञान, थोडी काळजी, थोडा आगाऊपणा, रोजच्या जेवणात असतो तेवढा. सगळं ओसरल्यावर टेबलाच्या टोकाकडून मास्तरांनी विचारलं, "दुखतं का?" मास्तर कामाशिवाय कुणाशी बोलत नाहीत. "नाही," मी म्हटलं. "लपवताना दुखतं." त्यांनी मान हलवली आणि डब्याचं झाकण उघडलं. त्यांच्याआधी कोण जेवत होतं आणि कोण नव्हतं ते मी बघितलं नाही. पिशव्या वाटल्या जात होत्या, कुणी उठत होतं, कुणी बाहेर जाऊन येत होतं. मी माझ्या डब्यातला प्रत्येक घास नीट बघत होते.

चहाच्या बिस्किटांचा पत्र्याचा डबा पॅकिंगवालीने आपण होऊन रिकामा केला, उरलेली बिस्किटं वाटून टाकली, मला विचारून दोन. मास्तरांनी झाकणाला टोच्याने भोक पाडलं, मुलांच्या गल्ल्याला असतं तसं, आणि कडा ठोकून बोथट केल्या. सुपरवायझरने वर लाल अक्षरांत 'सुया' लिहिलं आणि डबा पाण्याच्या टाकीशेजारच्या फळीवर ठेवला, माझ्या खुर्चीच्या मागे. तिथे दिवसभर सगळेच येतात. माझी जांभळी मी त्यात टाकली. पत्र्यावर टिक असा आवाज झाला, अगदी हलका. मग पुन्हा कोट आणि कोट. दुपारभर लोक माझ्या मागे येऊन पाणी पिऊन जात होते आणि मशीनांच्या घरघरीत मला काही ऐकू येत नव्हतं. मला वाटलं, होईल असं नाही. मी उघडी पडले म्हणून दुसऱ्याने का पडावं? माझी पिशवी कुणी मागितली नव्हती. त्या माणसाला घर असेल, लग्नाची पोर असेल, पाचवीतली शाळा असेल. मला उद्या सगळ्यांसमोर पेन काढताना आजच्याइतकं सोपं जाणार नाही, हेही मला दिसत होतं. आणि आईला काय सांगायचं? की मूठ उघडली. ती आधी भांडी घासायला बसेल. मग कदाचित बाकावर बसल्यावर, आपला आकडा सांगून झाल्यावर, माझाही सांगेल.

सुट्टीच्या सुमाराला मशीनं एक एक करून गप्प होत जातात. आधी बाह्यांची ओळ, मग काजाचं मशीन, शेवटी वाफेच्या इस्त्रीचा सुस्कारा. माझ्यासमोर थोडेच कोट उरले होते. मागे पाण्याच्या टाकीपाशी पावलं वाजली. या कारखान्यातल्या प्रत्येकाचं पाऊल मी ओळखते. कान तरी कुठे गप्प बसतात? म्हणून मी गुणगुणायला लागले, सूर नसलेलं काहीतरी, जरा मोठ्यानेच, आणि मान खाली घालून अस्वलाची बटणं तपासू लागले. घारीने पाठ फिरवली होती. नळ सुटला, पेला भरला, नळ बंद झाला. मग टिक.

पावलं गेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि समोरच्या अस्वलाला चार डोळे झाले. झालं, हिरव्या बुडाची आजची सुई आपल्या जागी पोचली. मी बाहीने तोंड पुसलं, शेवटचा कोट पट्ट्यावर ठेवला, तो बोगद्यातून सुखरूप पलीकडे निघाला, आणि यंत्र बंद करायला मी हात पुढे केला. तेवढ्यात मागे पुन्हा पावलं आली. वेगळी. ही नळाशी गेली नाहीत, पाणी प्यायचं नाटकही केलं नाही. सरळ फळीपाशी येऊन थांबली, आणि पुन्हा पत्र्यावर टिक असा आवाज झाला.

मी मागे वळले नाही. खुर्ची तेवढी हळूच पुढे ओढून घेतली, अजून कुणाला यायचं असेल तर मागे जागा असावी म्हणून.